कव्हरेज रिपोर्टातली कंपायलरची नावं: कुठली गाळायची, कुठली एकत्र करायची, कुठली मुळीच हलवायची नाहीत

रत्नागिरीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. भरती-सुकतीच्या वेळा काढणारी एक सी++ लायब्ररी आहे आणि मिरकरवाडा-हर्णैच्या बोटवाल्यांसाठी केलेल्या ॲपला ती आकडे पुरवते. क्लासांची नावं मुद्दाम देवनागरीत ठेवली आहेत: भरती, उधाण, भांग, घटक. जीसीसी या कंपायलरने बांधून जीकोव्ह आणि एलकोव्ह या साधनांनी कव्हरेजचा, म्हणजे टेस्टमध्ये किती कोड चालला याचा, रिपोर्ट काढला, तर ओळींचं कव्हरेज ९४ टक्के येतं आणि फंक्शनांचं फक्त ६१. यादीत अंडरस्कोरने सुरू होणारी लांबलचक नावं आहेत. डीमँगल केल्यावर, म्हणजे कंपायलरने मँगल केलेलं (गुंफलेलं) नाव पुन्हा वाचनीय केल्यावर, त्यातली काही सुधारतात, काही तशीच राहतात आणि काही दोन-दोनदा दिसतात. मग अंडरस्कोरने सुरू होणारं सगळं एका रेगेक्सने (मजकूर जुळवणाऱ्या नमुन्याने) गाळलं तर चालेल का, आणि कोटलिन भाषेतल्या बाजूलाही हेच करायचं का?

गाळू नका. मँगल केलेलं सी++चं प्रत्येक नाव अंडरस्कोर आणि झेडने सुरू होतं, त्यामुळे त्या रेगेक्सने तुमची स्वतःची फंक्शनंही जातील आणि रिपोर्टात काही उरणार नाही. विचित्र नावं हा खरा प्रश्नच नाही. स्रोतात तुम्ही एक फंक्शन लिहिता, कंपायलर त्याची कधी एक, कधी दोन, कधी चार रूपं तयार करतो आणि कव्हरेजचं साधन प्रत्येक रूप स्वतंत्र मोजतं. म्हणून प्रत्येक नावाबद्दल ते कसं दिसतं यापेक्षा ते कुठून आलं हे आधी पाहायचं. उगम कळला की गाळायचं, एकत्र करायचं की त्यासाठी टेस्ट लिहायची, हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं. (ऑप्शन आणि सिम्बॉल, म्हणजे कंपायलरने दिलेली नावं, इथे देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर ते रोमनमध्येच टाइप करा.)

काही गोष्टी तुमच्या मांडणीवर अवलंबून आहेत. जीसीसीची आवृत्ती, ऑप्टिमायझेशनची पातळी, एलकोव्ह १ की २, व्हर्च्युअल बेस क्लास आहेत की नाहीत, यावर यादी बदलते. मी असं धरलंय की कव्हरेजची बांधणी --कव्हरेज आणि -ओ० (ऑप्टिमायझेशन बंद) देऊन, वेगळ्या फोल्डरमध्ये होते. तसं नसेल तर सुरुवात तिथून करा. -ओ२ वर एक फंक्शन दुसऱ्यात विरघळतं, ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग नावांवर कितीही मेहनत घेतली तरी आकडे पटत नाहीत. नावाच्या शेवटी .इस्रा, .कॉन्स्टप्रॉप, .पार्ट किंवा .कोल्ड दिसत असेल तर तेही ऑप्टिमायझरने केलेल्या प्रतींचं लक्षण आहे. सी++फिल्ट हे डीमँगल करणारं साधन त्यांना चौकोनी कंसात क्लोन म्हणून दाखवतं. -ओ० वर हे शेपूट येत नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळी गाळणी लिहू नका.

आता कच्ची यादी काढा. एचटीएमएल रिपोर्ट बाजूला ठेवा. जीसीसी ९ पासून जीकोव्हला --जेसन-फॉरमॅट हा ऑप्शन आहे, सोबत --एसटीडीआउट दिलं की सगळं पडद्यावर येतं. त्यात प्रत्येक फंक्शनसाठी मूळ नाव, डीमँगल केलेलं नाव, सुरुवातीची ओळ व स्तंभ, शेवटची ओळ व स्तंभ आणि किती वेळा चाललं, हे सगळं वेगवेगळ्या खान्यांत मिळतं. प्रत्येक ओळीच्या नोंदीत ती कुठल्या फंक्शनची आहे तेही मूळ नावानिशी लिहिलेलं असतं. दहा-पंधरा ओळींच्या पायथनमध्ये याचा तक्ता होतो: फाइल, ओळ, स्तंभ, मूळ नाव, वाचनीय नाव, गणती. तो तक्ता फाइल, ओळ आणि स्तंभ यांवर लावून घ्या. एकाच जागेवर दोन किंवा जास्त नावं दिसली की तीच ती कंपायलरची रूपं. ६१ टक्क्यांचं कोडं बहुधा या तक्त्यातच सुटेल.

सगळ्यात जास्त गोंधळ डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट मोडताना चालणारी फंक्शनं, करतात. भरती हा बेस क्लास, त्याचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल, आणि उधाण त्यातून उतरलेला. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर इटानियम एबीआय, म्हणजे नावं आणि ऑब्जेक्ट कसे मांडायचे याचे ठरलेले नियम, पाळतात. त्यात डिस्ट्रक्टरची तीन रूपं आहेत: डी२ फक्त बेसचा भाग मोडतं, डी१ पूर्ण ऑब्जेक्ट मोडतं, आणि डी० ऑब्जेक्ट मोडून वर त्याची मेमरीही परत करतं. व्हर्च्युअल बेस नसेल तर डी१ आणि डी२ यांचा मजकूर एकच असतो आणि जीसीसी एकाला दुसऱ्याचं केवळ टोपणनाव करतं. डी० मात्र वेगळं फंक्शन म्हणून उरतं. डीमँगल केल्यावर तिघांचंही नाव अक्षरशः एकच होतं, ~उधाण(). त्यामुळे रिपोर्टात तेच नाव दोनदा येतं, एकापुढे गणती आणि दुसऱ्यापुढे शून्य. टेस्टमध्ये ऑब्जेक्ट स्टॅकवर केले असतील तर डी० कधीच चालत नाही, कारण ते फक्त डिलीटमधून बोलावलं जातं.

हे शून्य मी गाळत नाही. भरती प्रकारच्या युनिक पॉइंटरमध्ये उधाण ठेवून तो पॉइंटर सोडणारी एक टेस्ट लिहा, तीन ओळींचं काम आहे. ती टेस्ट डी० चालवते आणि बेसचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल आहे याचीही खातरजमा करते. कोणी चुकून व्हर्च्युअल काढून टाकलं, तर बेस पॉइंटरमधून डिलीट करणं अनडिफाइंड बिहेव्हियर ठरतं, आणि तसा कोड बऱ्याचदा वरवर नीट चालत राहतो. इथे कंपायलरचं नाव तुम्हाला खरी उणीव दाखवत होतं.

कन्स्ट्रक्टरचं साधं आहे. सी१ पूर्ण ऑब्जेक्टसाठी, सी२ बेस भागासाठी. व्हर्च्युअल बेस नसताना एकच शरीर उरतं. व्हर्च्युअल बेस असेल तर दोन उरतात. ती एकाच ओळ-स्तंभावर असतात, तेव्हा एकत्र करा.

यापुढचं टेम्प्लेटचं प्रकरण मात्र सावकाश वाचा, कारण तुमच्या कोडमध्ये सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो असं मला वाटतं. भरतीची उंची तुम्ही घटकांची बेरीज करून काढता आणि प्रत्येक घटक टेम्प्लेटमधून, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारांसाठी वापरायच्या एकाच साच्यातून, येतो: घटक<एम२>, घटक<एस२>, घटक<के१>, घटक<ओ१>. स्रोतात उंची() हे एक फंक्शन, कंपायलरसाठी चार. टेस्टनी फक्त एम२ आणि एस२ चालवले तर जीकोव्ह ओळींची बेरीज करून सांगतो की ओळ चालली, आणि फंक्शनांच्या खात्यात मात्र चारपैकी दोन शून्य पडतात. टेम्प्लेटमध्ये सहा मेथड असतील तर चोवीसपैकी बारा शून्य. ९४ आणि ६१ यांच्यातली दरी साधारण अशीच तयार होते.

मग चारही एकत्र करावीत का? उंची()चा मजकूर चारही घटकांसाठी सारखाच असेल आणि फरक फक्त स्थिरांकांचा असेल, तर खुशाल करा. पण आत इफ-कॉन्स्टएक्सपीआर (बांधतानाच वाट निवडणारी अट) असेल, म्हणजे अर्धदैनिक घटकांना एक वाट आणि दैनिक घटकांना दुसरी, तर ही चार रूपं एकसारखी राहत नाहीत. एम२चा आवर्तनकाळ १२.४२ तास, एस२चा १२ तास. के१चा २३.९३ आणि ओ१चा २५.८२. दिवसातल्या दोन भरत्या कमीजास्त उंचीच्या का येतात, याचं गणित के१ आणि ओ१ मध्ये आहे. ती दोन रूपं टेस्टमध्ये चाललीच नसतील आणि तुम्ही चौघांना एका नावाखाली आणलंत, तर फंक्शनांच्या रकान्यात हिरवा रंग दिसेल आणि दैनिक घटकांची वाट तपासलेली नसेल. बंदरात बोट आत घेणारा माणूस त्या आकड्यावर विसंबून असतो.

म्हणून दोन्ही आकडे ठेवावेत. क्लँगसोबतचं एलएलव्हीएम-कोव्ह हेच करतं: फंक्शनचं कुठलंही एक रूप चाललं तरी ते फंक्शन चाललं असं धरतं आणि रूपांचं कव्हरेज वेगळ्या रकान्यात दाखवतं. जीकोव्हच्या जेसनवरून ही विभागणी सहज करता येते. फाइल-ओळ-स्तंभ या किल्लीवर गट करा. गटातल्या एकाची जरी गणती शून्याहून जास्त असेल तरी फंक्शन चाललं. शिवाय प्रत्येक गटात किती रूपं आहेत आणि किती चालली, हे शेजारी लिहा. मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये घेणं) अडवण्यासाठी पहिला आकडा वापरा, आणि दुसरा आठवड्यातून एकदा माणसाने वाचावा.

स्टॅटिक इनिशियलायझेशनची नावं वेगळ्या जातीची आहेत. _ग्लोबल__सब_आय_ ने सुरू होणारं आणि स्टॅटिक इनिशियलायझेशन अँड डिस्ट्रक्शन असं लांब नाव असलेलं, ही दोन्ही तुम्ही लिहिलेली नाहीत. फाइलच्या पातळीवर एखादा ऑब्जेक्ट असेल आणि त्याचा कन्स्ट्रक्टर मेनच्या आधी चालवावा लागत असेल, तर कंपायलर ही बनवतो. आवृत्तीनुसार ती रिपोर्टात दिसतात किंवा दिसत नाहीत. जीसीसी १३ च्या आधी नुसतं आयओस्ट्रीम हेडर घेतलं तरी प्रत्येक फाइलमध्ये असं एक फंक्शन तयार व्हायचं. १३ पासून ते काम लायब्ररीच्या आत गेलं. ही फंक्शनं नेहमीच चालतात, त्यामुळे आकडा विनाकारण वर नेतात. जुन्या आवृत्त्यांत त्यांच्या आतली प्राधान्याची तुलना, ६५५३५ या ठरावीक संख्येशी होणारी, ब्रँच कव्हरेजमध्ये अर्धी चाललेली दिसते, आणि तीही तुम्ही न लिहिलेल्या ओळीवर. सी++फिल्ट _ग्लोबल__सब_आय_ उलगडत नाही, ते जसंच्या तसं छापतं. डीमँगल न होणारी तुमची काही नावं बहुधा हीच आहेत.

ही गाळायला हरकत नाही. पण रेगेक्स नेमका लिहा: सुरुवातीचं चिन्ह, मग _ग्लोबल__सब_, मग आय किंवा डी, मग अंडरस्कोर. नुसतं _ग्लोबल_ लिहिलंत तर निनावी नेमस्पेसमधली तुमची सगळी फंक्शनंही उडतात, कारण निनावी नेमस्पेसचं मँगल्ड नाव _ग्लोबल__एन_१ असं आहे. ही चूक दिसून येत नाही. उलट टक्केवारी सुधारते आणि सगळे खूश होतात. एलकोव्ह २ मध्ये --इरेझ-फंक्शन्स ला हा रेगेक्स देता येतो, जीकोव्हआर या दुसऱ्या रिपोर्ट-साधनात --एक्सक्लूड-फंक्शन्स ला. मला यापेक्षा बरा वाटणारा उपाय कोडमध्ये आहे. बंदरांच्या स्थिरांकांचा तक्ता कॉन्स्टएक्सपीआर करा. मग चालताना भरायचं काही उरत नाही, कंपायलर ते फंक्शन बनवतच नाही आणि गाळायलाही काही राहत नाही.

निनावी नेमस्पेसची आणखी एक खोच आहे. दोन फाइलींत, दोन्हीकडे निनावी नेमस्पेसमध्ये तपासा() असेल, तर दोघांचं मँगल्ड नाव अगदी एकच येतं. लिंकरला ते चालतं, कारण नाव फाइलीबाहेर दिसत नाही. पण तुमची स्क्रिप्ट नुसत्या नावावर बेरीज करत असेल तर एका फाइलीची गणती दुसरीच्या खात्यात जमा होते. किल्लीत फाइलचा मार्ग नेहमी हवा. क्लँगच्या प्रोफाइलमध्ये स्टॅटिक फंक्शनांच्या नावाआधी फाइलचं नाव आणि मग कोलन किंवा अर्धविराम, आवृत्तीनुसार, असं जोडलेलं असतं ते याच कारणासाठी. तिथे डीमँगल करण्याआधी तो पुढचा भाग सोडवून घ्या.

लँबडांना (नाव नसलेल्या छोट्या फंक्शनांना) कंपायलर क्रमांक देतो, एका फंक्शनमधली पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने. वर एक नवी लँबडा घातली की खालच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात, आणि कालच्या रिपोर्टाशी नावावरून तुलना करणारी स्क्रिप्ट न हललेल्या कोडबद्दल तक्रार करते. तुलना बदललेल्या ओळींवरूनच करा. काहीही कॅप्चर न करणारी लँबडा फंक्शन पॉइंटर म्हणून दिली तर जीसीसी _फन नावाचं एक मदतनीस फंक्शनही बनवतं. तेही लँबडाच्याच जागेवर असतं, त्यामुळे गटात आपोआप येतं.

आता देवनागरी नावांकडे, कारण डीमँगल न होणाऱ्या नावांचं दुसरं कारण तिथे आहे. जीसीसी १० पासून स्रोतात थेट यूटीएफ-८ नावं चालतात. मँगलिंगमध्ये नावाआधी त्याची लांबी येते आणि ती बाइटमध्ये मोजलेली असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्त धरून, तीन बाइट घेतं. भरती म्हणजे भ, र, त आणि दीर्घ ईकाराची मात्रा, अशी चार चिन्हं, म्हणून १२. तिच्या कन्स्ट्रक्टरच्या सिम्बॉलमध्ये भरतीच्या आधी १२ दिसेल, ४ नाही. हाताने नावं तोडणारी स्क्रिप्ट अक्षरं मोजत असेल तर ती पहिल्याच नावावर घसरते.

नाव सी++फिल्टला कमांडमध्ये थेट दिलं तर ते पूर्ण वाचलं जातं आणि नीट उलगडतं. पण तेच नाव स्टँडर्ड इनपुटमधून पाठवलं तर सी++फिल्ट मजकुरात सिम्बॉल शोधायला लागतं, आणि सिम्बॉलची अक्षरं म्हणून त्याला फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोर, डॉलर आणि टिंब एवढीच माहीत असतात. देवनागरीचा पहिला बाइट आला की सिम्बॉल संपला असं ते समजतं. उरलेल्या तुकड्याचा अर्थ लागत नाही आणि नाव तसंच बाहेर येतं. रिपोर्टची साधनं नावांची यादी सहसा इनपुटमधूनच पाठवतात, म्हणून तुमची रोमन नावं सुधारतात आणि देवनागरी राहतात. सर्वात सरळ वाट म्हणजे जीकोव्हच्या जेसनमधलं डीमँगल केलेलं नाव घेणं, कारण जीकोव्ह पूर्ण नाव एकसंध उलगडतो. एलकोव्हचंच एचटीएमएल हवं असेल तर एक छोटी स्क्रिप्ट करा, जी इनपुटमधली प्रत्येक ओळ एक्सआर्ग्सने, फक्त नव्या ओळीवर तोडून, सी++फिल्टला कमांडमधला शब्द म्हणून देते. एलकोव्ह २ च्या --डीमँगल-सीपीपी ला दुसरं साधन सांगता येतं, तिथे ही स्क्रिप्ट द्या. क्लँगकडे --एक्सडीमँगलर ला हीच चालते. त्याची अट एवढीच की जितक्या ओळी आत गेल्या तितक्याच बाहेर याव्यात.

वाऱ्याचीदिशा असं एखादं फंक्शन असेल तर त्यातला ऱ्या तपासा. तो दोन प्रकारांनी टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, बाइट वेगळे असतात. सी++२३ च्या नियमांनुसार जॉइनर नावात चालत नाही, जुन्या नियमांत चालत होता. दोघांनी दोन कीबोर्ड वापरले तर एकच फंक्शन जाहीर एका नावाने होतं आणि लिहिलं दुसऱ्या नावाने जातं. मग लिंकर ते सापडत नाही म्हणतो, किंवा रिपोर्टात एकाच चेहऱ्याची दोन नावं येतात. ऱ हे स्वतंत्र चिन्हच वापरा आणि स्रोतात यू+२००डी शोधणारी एक तपासणी कमिटच्या आधी लावा. जीकोव्हआर वापरत असाल तर --सोर्स-एन्कोडिंग मध्ये यूटीएफ-८ स्पष्ट सांगा, विशेषतः कोणी विंडोजवर रिपोर्ट काढत असेल तर.

रिपोर्ट बनवताना पाळायचा क्रम आता असा होतो: गोळा करताना मूळ मँगल्ड नाव ठेवा, जोडणी फाइल-ओळ-स्तंभावर करा, गाळणी नेमक्या रेगेक्सने करा, आणि डीमँगल अगदी शेवटी, फक्त दाखवण्यासाठी. डीमँगल आधी केलं तर डी०, डी१, डी२ एकच होतात आणि हरवलेला फरक परत मिळत नाही. दुसरं कारण फाइलीच्या रचनेचं. एलकोव्हच्या .इन्फो फाइलीत फंक्शनची ओळ स्वल्पविरामाने तोडलेली असते आणि डीमँगल केलेल्या नावात दोन पॅरामीटर आले की स्वल्पविराम आलाच. प्रत्येक स्वल्पविरामावर तोडणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नाव अर्ध्यावर तुटतं आणि वेगवेगळ्या ओव्हरलोडची (एकाच नावाच्या, पण वेगळ्या पॅरामीटरांच्या फंक्शनांची) गणती एकमेकांत मिसळू शकते. तुम्ही स्वतः कोबर्तुरा एक्सएमएल (कव्हरेज रिपोर्टाचा आणखी एक फॉरमॅट) लिहित असाल तर टेम्प्लेटचे कोनी कंस आणि अँपरसँड एस्केप करायला विसरू नका, नाहीतर घटक<एम२> ला पार्सर टॅग समजतो. सी++फिल्टला -टी देऊ नका. त्याने टाइपही उलगडायला सुरुवात होते आणि एक्स्टर्न सी मधलं, आय नावाचं साधं फंक्शन इंट बनून येतं. मॅकवर रिपोर्ट काढणारा कोणी असेल तर तिथे प्रत्येक सिम्बॉलला आणखी एक अंडरस्कोर पुढे लागतो, तो काढल्याशिवाय लिनक्सच्या यादीशी जुळणार नाही. नावावरून फाइल बनवू नका: लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं, आणि टेम्प्लेटची नावं ती सहज ओलांडतात.

जीकोव्हआर वापरताना एकच फंक्शन अनेक ओळींवर सापडलं, अशी तक्रार येऊन काम थांबलं, तर --मर्ज-मोड-फंक्शन्स आहे. पण तो लावण्याआधी कारण शोधा. हेडरमधलं तेच इनलाइन फंक्शन वेगवेगळ्या इफडेफमुळे दोन ओळींवर गेलं असेल तर ओळींतली सर्वात वरची घेणारा मोड ठीक आहे. जुन्या बांधणीत कव्हरेजसाठी तयार झालेल्या .जीसीएनओ फाइली फोल्डरमध्ये पडून असतील तर मोड बदलून त्या फक्त लपतील. आधी बांधणीचं फोल्डर पूर्ण पुसून पुन्हा चालवा.

कोटलिनचं उत्तर वेगळं आहे, कारण तिथलं कव्हरेजचं साधन, जकोको, बरंच काम स्वतः करतो. सिंथेटिक (कंपायलरने स्वतः घातलेलं) अशी खूण असलेल्या मेथड तो वगळतो, आणि ज्या क्लास किंवा मेथडवर जनरेटेड हा शब्द नावात असलेलं ॲनोटेशन आहे, तेही वगळतो, मात्र ते ॲनोटेशन क्लास फाइलीपर्यंत टिकणारं हवं. फक्त स्रोतापुरतं असलेलं त्याला दिसत नाही. स्टॅटिक ब्लॉक त्याच्या रिपोर्टात स्टॅटिक आणि महिरपी कंस अशा नावाने येतो, तो तुमचा कोड आहे, राहू द्या. लँबडाही राहू द्या, तिच्यात तुमच्याच ओळी आहेत. रिफ्लेक्शनने क्लासची फील्ड मोजणारी टेस्ट कव्हरेज लावल्यावरच मोडत असेल, तर त्याचं कारण जकोकोने घातलेलं डॉलर-जकोको-डेटा हे फील्ड आहे. मोजताना सिंथेटिक फील्ड वगळा, टेस्ट पुन्हा चालेल.

एवढं करूनही एखादं नाव उलगडलं नाही, तर ते नाव जेसनमधून जसंच्या तसं, त्याची फाइल, ओळ, स्तंभ, आणि जीसीसी व सी++फिल्ट दोघांच्याही आवृत्त्या कळवा. सी++फिल्ट कंपायलरपेक्षा जुनं असलं तर कॉन्सेप्ट्ससारख्या नव्या गोष्टींची नावं त्याला येतच नाहीत, आणि अशा वेळी बिनयूटिल्स, म्हणजे सी++फिल्ट ज्या संचात येतं तो, नवा करणं एवढाच उपाय असतो.